झाकणावरचं नाव

आमच्या चौकात दर वर्षी ठरलेल्या तारखेला एक फ्लेक्स लागतो. वाढदिवसाचा असतो, हात जोडलेला फोटो असतो आणि नावाच्या वर ठळक अक्षरांत 'उदयोन्मुख नेतृत्व' असं छापलेलं असतं. गेली पंधरा-वीस वर्षं माणूस तोच आहे. केस विरळ झाले, पोट सुटलं, मुलगी कॉलेजात गेली. उदय काही पुरा होत नाही. 'इमर्जिंग मार्केट्स'चं मराठी 'उदयोन्मुख बाजारपेठा' असं करतात. ते वाचलं की मला हा फ्लेक्स आठवतो.

दक्षिण कोरियाचंही तसंच आहे. एमएससीआय ही शेअरबाजारांचे निर्देशांक तयार करणारी कंपनी. तिच्या उदयोन्मुख यादीत कोरिया १९९२ मध्ये आला आणि अजून तिथेच आहे. ज्या चौकात तो फ्लेक्स लागतो, तिथेच सिग्नलला उभ्या असलेल्या ह्युंदाई आणि किया मोजून पाहाव्यात, लोकांच्या हातातले सॅमसंगचे फोन मोजावेत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं कोरियाला १९९७ मध्येच प्रगत अर्थव्यवस्थांच्या पंगतीत बसवलं. एमएससीआयची तक्रार वेगळीच आहे. कोरियाचं चलन वॉन देशाबाहेर मोकळेपणी घेता-विकता येत नाही, परदेशी गुंतवणूकदाराला तिथे खटाटोप फार करावा लागतो, शॉर्ट सेलिंगवर मधूनच बंदी येते. देश किती श्रीमंत आहे, एवढंच ही मंडळी बघत नाहीत. परक्या माणसाला तिथे पैसे घालणं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काढून घेणं किती सोपं आहे, हे बघतात.

हे पुस्तक लिहायला दोन माणसं कारणीभूत झाली. एक माझी पुतणी. ती न्यू जर्सीत असते. तिच्या बाबांनी मोठ्या हौसेनं तिच्या नावानं मुंबईत म्युच्युअल फंडांत एसआयपी चालू ठेवल्या होत्या. अमेरिकेतल्या हिशेबनिसानं त्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. अमेरिकेचा करदाता परदेशातला म्युच्युअल फंड बाळगत असेल तर तिथलं करखातं त्या फंडाला 'पीएफआयसी' समजतं. दर फंडामागे दर वर्षी ८६२१ क्रमांकाचा वेगळा फॉर्म, आणि वेळीच योग्य पर्याय निवडला नसेल तर नफ्यावर चढ्या दरानं कर, वर व्याज. तिनं फोन केला, "काका, इथेच बसून भारतात पैसे घालायचे तर ईटीएफ घे म्हणतात. कुठला घेऊ?"

दुसरे आमच्या शेजारचे निवृत्त बँक अधिकारी. त्यांचं नेमकं उलटं. सगळी पुंजी भारतात, तीही बरीचशी बँकेच्या शेअरांत. "सगळी अंडी एकाच टोपलीत," असं त्यांना मुलानं सांगितलं. त्यांना पैसे बाहेर पाठवायचे होते. अमेरिका महाग वाटत होती, म्हणून उदयोन्मुख देशांचा ईटीएफ बघत होते.

एकीला घरात यायचं होतं, दुसऱ्यांना घराबाहेर पडायचं होतं, आणि बाजारानं दोघांपुढे ठेवलेला डबा एकच होता. शेजाऱ्यांना मी त्या फंडातल्या मोठ्या कंपन्यांची यादी वाचून दाखवली. तैवान सेमीकंडक्टर, टेन्सेंट, सॅमसंग, अलिबाबा, आणि थोडं खाली आल्यावर एचडीएफसी बँक नि रिलायन्स. ते म्हणाले, "म्हणजे डॉलर करून, कमिशन भरून मी परत आपल्याच बँकेत येणार?" त्या दिवसापासून मी या विषयाच्या वह्या भरू लागलो.

ईटीएफ म्हणजे काय, हे आता मराठी वाचकाला फार सांगावं लागत नाही. शेअरबाजारावर शेअरसारखा दिवसभर घेता-विकता येणारा फंड, आणि बहुतेक वेळा कुठल्या तरी निर्देशांकाची नक्कल करणारा. टोरोंटोत १९९० मध्ये, न्यू यॉर्कला १९९३ मध्ये आणि आपल्याकडे २००१ च्या डिसेंबरात 'निफ्टी बीज'च्या रूपानं तो आला. नक्कल हा इथला कळीचा शब्द. फंड चालवणारा काही निवडत नाही. निवड निर्देशांकवाल्यानं आधीच केलेली असते. म्हणून 'ईटीएफ कुठला घेऊ' या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न असतो तो 'निर्देशांक कुणाचा घेऊ' हा. आपण नोंदी फंडाच्या वाचतो आणि निर्णय एका दूरच्या कचेरीतल्या समितीवर सोपवतो.

मुळात 'उदयोन्मुख' हे नावच विक्रीसाठी शोधलेलं आहे. १९८१ मध्ये अँटोइन व्हान अॅग्टमेल हा डच माणूस जागतिक बँकेच्या कुटुंबातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करत होता. न्यू यॉर्कला सॅलोमन ब्रदर्सच्या कचेरीत जमलेल्या गुंतवणूकदारांपुढे त्यानं 'थर्ड वर्ल्ड इक्विटी फंड'ची कल्पना मांडली. कल्पना लोकांना पटली, नाव पटलं नाही. तिसरं जग म्हटल्यावर डोळ्यांपुढे दुष्काळ आणि कर्ज येत होतं. तिथे पेन्शनीचे पैसे कोण ठेवणार? तो शनिवार-रविवार त्यानं डोकं खाजवलं आणि 'इमर्जिंग मार्केट्स' हे नाव काढलं. देश तेच, दारिद्र्य तेच, पाटी बदलली. पाटी बदलल्यावर गिऱ्हाईक आलं. आपल्याकडे खानावळीचं 'भोजनालय' होतं तसंच, आणि यात मी त्या गृहस्थाची चेष्टा करत नाही. त्या पाटीमुळे पुढे अब्जावधी डॉलर या देशांच्या कारखान्यांपर्यंत पोचले.

एमएससीआयचा उदयोन्मुख निर्देशांक १९८८ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात दहा देश होते. ब्राझील, मेक्सिको, मलेशिया, थायलंड होते. आणि ग्रीस, पोर्तुगाल आणि जॉर्डनही होते. भारत नव्हता. परदेशी संस्थांना आपण १९९२ मध्ये दार उघडलं आणि १९९४ मध्ये आपलं नाव यादीत चढलं. चीन त्यानंतर दोन वर्षांनी.

तेव्हापासून या यादीत माणसं आत-बाहेर करावीत तसे देश आत-बाहेर होत आले आहेत. ग्रीसला २००१ मध्ये बढती मिळाली, विकसित म्हणून. २०१३ मध्ये कर्जात बुडालेला ग्रीस खाली उतरवला गेला. विकसित म्हणवणाऱ्या देशाची अशी पदावनती तोवर कधी झाली नव्हती. पाकिस्तान २०१७ मध्ये उदयोन्मुख झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा खालच्या 'फ्रंटियर' पायरीवर गेला. अर्जेंटिनाची गोष्ट तर सापशिडीची. २००९ मध्ये खाली, २०१९ मध्ये वर, आणि २०२१ मध्ये इतका खाली की त्याला कुठल्याच यादीत जागा उरली नाही. दर वेळी जगभरच्या फंडांना या देशांचे शेअर घ्यावे किंवा विकावे लागतात. तुमच्या-माझ्या नावावर हे व्यवहार होतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता मौज अशी, की याद्या बनवणारं दुकान एकच नाही. लंडनची एफटीएसई ही दुसरी पेढी. तिनं कोरियाला २००९ मध्येच विकसित ठरवलं, पोलंडला २०१८ मध्ये. एमएससीआयच्या लेखी दोघंही अजून उदयोन्मुख. हा पंडितांचा वाद आहे असं मलाही वाटायचं, २०१२ पर्यंत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात व्हॅनगार्ड या फंड कंपनीनं जाहीर केलं, की आपल्या बावीस फंडांचे निर्देशांक आम्ही एमएससीआयकडून काढून दुसऱ्यांना देतो आहोत. कारण साधं होतं. निर्देशांक वापरायचं भाडं जास्त होतं. त्या दिवशी एमएससीआयचा शेअर पाव भागाहून जास्त कोसळला. व्हॅनगार्डचा उदयोन्मुख बाजारांचा ईटीएफ एफटीएसईकडे गेला आणि एफटीएसईच्या लेखी कोरिया उदयोन्मुख नसल्यानं फंडातला सुमारे १५ टक्के कोरिया पंचवीस आठवड्यांत हप्त्याहप्त्यानं विकून टाकावा लागला. सॅमसंगनं काही वाईट केलं नव्हतं. भाड्याचं भांडण होतं, भाडेकरूनं घर बदललं, आणि सामानात कोरिया मागे राहिला.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. ती मला बऱ्याच उशिरा कळली. समजा तुम्ही विकसित देशांसाठी एफटीएसईचा निर्देशांक पाळणारा फंड घेतलात आणि उदयोन्मुख देशांसाठी एमएससीआयचा. कोरिया तुमच्याकडे दोनदा आला. उलट केलंत, विकसित एमएससीआयचा आणि उदयोन्मुख एफटीएसईचा, तर कोरिया तुमच्याकडे मुळीच नाही. जगातल्या मोठ्या बाजारांपैकी एक दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत पडला. फंडाच्या नावात हे लिहिलेलं नसतं.

दिवाळीत तयार फराळाचे डबे मिळतात. झाकणावर आठ पदार्थांची चित्रं असतात. उघडून वजन केलं तर निम्म्याहून जास्त चिवडा निघतो, दोन चकल्या, आणि अनारसा एकच, तोही कागदात गुंडाळलेला. उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकात वीसहून जास्त देश आहेत, पण चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया या चौघांनीच पाऊण डबा व्यापलेला असतो. सगळा आफ्रिका खंड, सगळी लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप, आखात आणि आग्नेय आशिया मिळून उरलेला पाव. शिवाय हा डबा दर काही वर्षांनी आतून बदलतो. २०२० च्या अखेरीला त्यात चीन ४० टक्क्यांच्या आसपास होता. २०२४ च्या सुरुवातीला तो पावाच्या आसपास आला होता. भारत २०२० मध्ये आठेक टक्के होता, २०२४ मध्ये विसाच्या जवळ पोचला. २०२० मध्ये घेतलेला फंड आणि २०२४ मध्ये घेतलेला फंड नावानं एक, आतून दोन.

लोक हा फंड कशासाठी घेतात? विचारलं तर उत्तर साधारण ठरलेलं असतं. तिकडे तरुण लोकसंख्या आहे, मध्यमवर्ग वाढतो आहे, जकार्तातला पोरगा पहिली मोटरसायकल घेईल, मेक्सिकोतलं कुटुंब पहिला फ्रीज. चित्र खोटं नाही. पण डब्यात सगळ्यात मोठी वस्तू आहे ती तैवान सेमीकंडक्टर, एकटी एक कंपनी दहा टक्क्यांच्या पुढे. तैवानमधल्या तिच्या कारखान्यांतून निघणाऱ्या चिप अॅपल आणि एनव्हिडियासारख्यांसाठी बनतात. म्हणजे जकार्तातल्या मोटरसायकलीसाठी घातलेल्या पैशातला बराच भाग कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांच्या धंद्यावर हेलकावे खातो. ते वाईट आहे असं नाही. गेल्या काही वर्षांत तेच फायद्याचं ठरलं. फक्त आपण काय घेतलं आहे ते माहीत असावं.

याच्या पुढची गोष्ट मराठी माणसाला पचायला आणखी जड जाते. देश वाढला की शेअर वाढणारच, असं आपण धरून चालतो. जे रिटर या अमेरिकन प्राध्यापकांनी २००५ मध्ये सोळा देशांचा एका शतकाहून मोठा इतिहास तपासला आणि दरडोई उत्पन्नाची वाढ नि शेअरांचा खरा परतावा यांचं नातं चक्क उलटं निघालं. एमएससीआयचा चीन निर्देशांक १९९२ च्या अखेरीला १०० वर धरला होता. नंतरच्या तीस वर्षांत चीननं जे केलं ते माणसाच्या इतिहासात क्वचितच कुणी केलं असेल: शहरं उभी केली, रेल्वे टाकली, कोट्यवधी लोक दारिद्र्यातून वर काढले. जानेवारी २०२४ मध्ये तो निर्देशांक शंभराच्या खालीच होता. लाभांश वेगळा, पण तो धरूनही फार काही हाती लागत नव्हतं.

असं का होतं? एक कारण असं, की वाढणारी कंपनी सतत नवे शेअर काढते. पोळी मोठी होते, पण वाटेकरी त्याहून जास्त होतात आणि जुन्याच्या वाट्याला तेवढाच तुकडा येतो. दुसरं, की मोठ्या कंपन्या सरकारच्या असतात, आणि सरकारला नफ्यापेक्षा रोजगार, धरण, निवडणूक यांची काळजी असते. आपल्याकडच्या सरकारी बँकांचे भागधारक हे जाणतात. तिसरं कारण चीनचं खास आहे. अलिबाबानं २०१४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये २५ अब्ज डॉलरचे शेअर विकले. पण परदेशी माणसाच्या हाती जो शेअर आला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा होता. चीनमधला खरा परवाना चिनी माणसांच्या नावावर, आणि दोघांमध्ये फक्त करारांची दोरी. कूळ आणि मालक यांच्यातल्या तोंडी करारांची आपल्याकडे जी गत झाली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दोरीच्या ताकदीची कल्पना येईल. २०२१ च्या जुलैत चीन सरकारनं खासगी शिकवण्यांच्या कंपन्यांना नफा कमावण्यालाच बंदी केली, तेव्हा त्या शेअरांचं काय झालं ते सांगायला नको.

या अनुभवांतून 'चीन वगळून उदयोन्मुख' असे ईटीएफ निघाले, सरकारी कंपन्या वगळणारे निघाले, देशातल्या नागरी स्वातंत्र्याच्या मोजमापावर वजन ठरवणारेही निघाले. पुढे त्यांच्यावर सविस्तर लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगून ठेवतो, चीन वगळणं हा निर्णय आहे, टाळाटाळ नाही. जागा मोकळी झाली की तैवान, भारत आणि कोरिया आणखी फुगतात. शेजाऱ्यांसारख्या माणसाच्या डब्यात मग एचडीएफसी बँक आणखीच जास्त येते.

फॅशनबद्दल एकच आठवण. २००१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या जिम ओ'नील यांनी ब्राझील, रशिया, भारत, चीन यांची आद्याक्षरं जुळवून 'ब्रिक' हा शब्द काढला. शब्द इतका गाजला की पुढे देशांच्या प्रमुखांच्या परिषदा भरू लागल्या. ब्रिक म्हणजे वीट. गुंतवणूकदारांना तिचा वीटही लवकर आला. गोल्डमननं स्वतःचा ब्रिक फंड २०१५ मध्ये बंद करून दुसऱ्यात मिसळून टाकला. एकूण उदयोन्मुख निर्देशांकाचंही तसंच. २००७ च्या ऑक्टोबरात त्यानं गाठलेली उंची ओलांडायला २०२१ उजाडावं लागलं. मधल्या २००८ या एका वर्षात तो निम्म्याहून खाली आला आणि लगेच पुढच्या वर्षी पाऊणपट वाढला. दोन्ही वर्षांत जो डीमॅटचं पान न उघडता बसला, तो मला भेटायचा आहे.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण माझा स्वतःचा हात तिथे पोळला आहे. ईटीएफची बाजारातली किंमत आणि आतल्या शेअरांचं मोल जवळपास सारखं राहतं ते आपोआप नाही. किंमत वर गेली की मोठे दलाल फंडाकडून नवी युनिटं बनवून घेतात आणि विकतात. खाली आली की युनिटं परत देऊन शेअर सोडवून घेतात. या ये-जा करणाऱ्या वाटेवर सगळा डोलारा उभा आहे. वाट बंद झाली की ईटीएफ ईटीएफ राहत नाही.

२०११ च्या जानेवारीत कैरोत लोक तहरीर चौकात उतरले आणि तिथला शेअरबाजार जवळपास आठ आठवडे बंद राहिला. न्यू यॉर्कमधला इजिप्तचा ईटीएफ मात्र चालूच होता. नवी युनिटं बनणं थांबलं होतं, आणि क्रांतीवर पैसे लावायला आलेले लोक आतल्या मोलापेक्षा चढी किंमत देत होते. २०१५ च्या उन्हाळ्यात अथेन्सचा बाजार पाच आठवडे बंद होता. तेव्हाही न्यू यॉर्कचा ग्रीस ईटीएफ रोज चालत होता, आणि ग्रीसच्या शेअरांची किंमत काय असावी हे जगाला त्याच्यावरूनच कळत होतं. सावली चालते आहे आणि माणूस घरात झोपला आहे, असा तो प्रकार.

रशियाचं तसं झालं नाही. २८ फेब्रुवारी २०२२ ला मॉस्कोचा बाजार बंद झाला. ४ मार्चला अमेरिकेतल्या मोठ्या रशिया ईटीएफची उलाढाल थांबवली गेली. ९ मार्चला एमएससीआयनं रशियाचे सगळे शेअर उदयोन्मुख निर्देशांकातून काढले, आणि काढताना किंमत धरली जवळपास शून्य. गॅझप्रॉमचा वायू पाइपांतून वाहत होता, स्बेरबँकेत लोक पैसे भरत होते. पण बाहेरच्या भागधारकासाठी त्यांची किंमत कागदावर उरली नाही. मॉस्कोचा बाजार मार्चच्या अखेरीला पुन्हा उघडला तरी परदेशी माणसाला विकायची मुभा नव्हती. आदल्या वर्षाअखेर निर्देशांकात रशिया तीन टक्क्यांच्या वर होता. सरसकट फंड घेतलेल्याला चिमटा बसला. एकट्या रशियाचा फंड घेतलेल्याचं सगळं गेलं. एका देशाचा ईटीएफ घेताना मला अजून ती ९ मार्च दिसते.

आपल्याकडे क्रांती झाली नाही, युद्ध झालं नाही, तरी वाट बंद झाली. भारतातल्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात सात अब्ज डॉलरहून जास्त घालायचे नाहीत, आणि परदेशी ईटीएफमध्ये त्याशिवाय एक अब्ज, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. पहिली २०२२ च्या सुरुवातीला भरत आली, दुसरी २०२४ मध्ये. सेबीनं नवे पैसे घेणं थांबवायला सांगितलं. फंड कंपन्यांना नवी युनिटं बनवता येईनात, पण बाजारात युनिटांचा व्यवहार चालूच राहिला. मागणी असेल तर किंमत कुठे जाणार? २०२४ च्या सप्टेंबरअखेर चीननं अर्थव्यवस्थेला टेकू द्यायचे उपाय जाहीर केले, हाँगकाँग उसळलं, आणि मी इथल्या बाजारात नोंदलेल्या एका हाँगकाँगच्या ईटीएफची युनिटं घाईघाईनं घेतली. संध्याकाळी आतलं मोल पाहिलं. ज्याला दिवसभर दाखवलं जाणारं अंदाजी निव्वळ मोल म्हणतात ते पडद्यावर शेजारीच होतं. मी पाहिलं नव्हतं एवढंच. किती जास्त दिले ते सांगत नाही. पुढे हाँगकाँग फार पडलं नाही तरी माझी युनिटं पडली, कारण वरचा फुगा आधी फुटला.

खर्चाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. एकाच कंपनीचे, एकाच घराण्याचा निर्देशांक पाळणारे दोन ईटीएफ अमेरिकेत शेजारी शेजारी विकले जातात. २००३ मधला आयशेअर्सचा जुना फंड वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास घेतो; २०१२ मधला 'कोअर' फंड एक दशांश टक्काही घेत नाही, आणि त्यात लहान कंपन्याही येतात. मग महाग फंड कोण घेतं? रोज कोटींची उलाढाल करणारे, ज्यांना चटकन आत-बाहेर व्हायचं असतं. वीस वर्षं ठेवणाऱ्यानं तो घेणं म्हणजे रिक्षाचं मीटर चालू ठेवून झोपणं.

छापलेल्या खर्चापेक्षा न छापलेला खर्च मला जास्त खटकतो. पुतणीनं घ्यायचा म्हटलेला भारताचा ईटीएफ निर्देशांकाच्या मागे का पडतो, हे शोधताना मी चकित झालो. एकेकाळी असे फंड मॉरिशसच्या वाटेनं येत आणि करातून सुटत. त्या कराराची दुरुस्ती २०१६ मध्ये झाली, २०१७ पासून ती वाट अरुंद झाली. आता अमेरिकेतला फंड भारतातले शेअर नफ्यात विकतो तेव्हा दिल्लीला भांडवली नफ्यावरचा कर भरतो; २०२४ च्या जुलैपासून त्याचे दर वाढले आहेत, दीर्घ मुदतीला १२.५ टक्के आणि अल्प मुदतीला २०. आणि तो कर द्यावा लागेल म्हणून फंड आधीच बाजूला काढून ठेवतो. निर्देशांकाला कर लागत नाही, फंडाला लागतो. तरीही तिच्यासाठी ८६२१ क्रमांकाच्या फॉर्मांच्या ढिगापेक्षा हे स्वस्त आहे, असं मी तिला सांगितलं, आणि तिच्या हिशेबनिसानंही तेच सांगितलं.

शेजाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. भारतातल्या रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवले की बँक २० टक्के आधीच कापून घेते. ते करात वळते होतात, पण तोवर अडकतात. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं आणि ते विसरणाऱ्यांना काळ्या पैशाचा कायदा आठवण करून देतो. आणि एक गोष्ट दलालांच्या जाहिरातीत नसते. अमेरिकेत नोंदलेल्या ईटीएफचा धनी वारला आणि तिथली मालमत्ता साठ हजार डॉलरच्या वर असली, तर अमेरिका वारसा कर लावते, चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत. आणि भारताशी या कराबाबत करार नाही. म्हणून बरेच जण आयर्लंडमध्ये नोंदलेले, लंडनच्या बाजारात मिळणारे तेच निर्देशांक पाळणारे फंड घेतात. हे ऐकून शेजारी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माणूस मेल्यावर त्याचा देश कुठला ते असं ठरतं होय."

या पुस्तकात 'अमुक फंड घ्या' असं कुठेही नाही. मी सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही, आणि असतो तरी दोन माणसांना एकच उत्तर देता आलं नसतं, हे वर आलंच आहे. इथे आहेत ते डबे उघडून केलेली वजनं, समित्यांची बैठकवृत्तं वाचून काढलेल्या नोंदी, आणि बंद पडलेल्या बाजारांच्या हकिगती. आकडे जुने होतील. ते कसे काढायचे हे प्रत्येक ठिकाणी सांगितलं आहे.

पहिलं प्रकरण कोरियाचं आहे. त्याचं कच्चं हस्तलिखित पुतणीला पाठवलं तेव्हा रात्री तिचा फोन आला. "काका, मग माझ्याकडे कोरिया आहे की नाही?" तिच्या निवृत्तीच्या खात्यात दोन फंड होते, दोन वेगळ्या कंपन्यांचे, तिनं कधी आत डोकावून न पाहिलेले. आम्ही दोघांनी ते फोनवरच उघडले, ती वाचत गेली आणि मी लिहीत गेलो. कोरिया दोनदा निघाला. ती हसून म्हणाली, "फोन सॅमसंगचा, गाडी ह्युंदाईची. यांना सांगा आता, माझ्याकडून उदय पुरा झाला."